हेमकूट होल्डिंग्जचं निव्वळ वजन

धोंडीराम गांगुर्डे यांनी चौतीस वर्षं दुसऱ्यांचा माल तोलला, आणि त्या मालातला एक कांदासुद्धा कधी त्यांचा नव्हता. दिंडोरी रोडवर, मार्केट यार्डाच्या अलीकडे एका शेठचा भुईकाटा आहे. ट्रक, ट्रॅक्टर, पिकअप, चाकांवर जे काही येईल ते त्या लोखंडी फळीवर चढायचं आणि खिडकीच्या आत बसलेले अण्णा (सगळं म्हसरूळ त्यांना अण्णाच म्हणतं) आकडा बघून पावती फाडायचे. भरलेली गाडी इतकी, रिकामी गाडी इतकी, निव्वळ वजन इतकं. पावतीवर मालाच्या मालकाचं नाव लिहायला एक ओळ होती, आणि अगदी खाली बारीक अक्षरात दोन शब्द छापलेले होते: चालकासह, चालकाविना. त्यातल्या एकावर खूण करायची असते.

बाकीच्या काट्यांवर त्या खुणेची कुणी पत्रास ठेवत नाही. ड्रायव्हर भरल्या गाडीत होता, रिकाम्या गाडीतही आहे, मग हिशेब जुळलाच, असा त्यांचा कारभार. अण्णांच्या काट्यावर मात्र गाडी चढली की खिडकीतून हाक यायची, "माल सोडून समदे खाली!" ड्रायव्हर खाली, क्लीनर खाली, मालाबरोबर आलेला शेतकरी खाली, त्याचा मेहुणा असला तर तोही खाली. भर उन्हात लोक शिव्या घालत उतरायचे. अण्णा ऐकून न ऐकल्यासारखं करायचे आणि "चालकाविना"वर खूण करायचे.

हा नियम एका चुकीतून आला होता. नोकरीचं तिसरं वर्ष असेल. कळवणकडचा एक शेतकरी कांदा घेऊन आला. भरलेली गाडी तोलली, ती यार्डात रिकामी होऊन आली, रिकामी तोलली, पावती फाडली. शेतकरी पैसे घेऊन घरी गेला. गाडी काट्यावरून उतरून रस्त्याला लागली, तेव्हा मागच्या हौद्यातल्या ताडपत्रीच्या ढिगातून क्लीनर उठून बसला आणि त्याने सावकाश आळस दिला. भरलेली गाडी तोलताना खाली उभा असलेला माणूस रिकाम्या गाडीत झोपलेला होता, म्हणजे शेतकऱ्याच्या कांद्यातून साठ किलो वजा झाले होते. दुसऱ्या दिवशी अण्णा खिशातले पैसे घेऊन एसटीने कळवणला गेले आणि तिथून सात किलोमीटर चालत त्याच्या वस्तीवर. शेतकऱ्याला आधी वाटलं, हा वसुलीला आला आहे. खरं काय ते कळल्यावर त्याने अण्णांना जेवल्याशिवाय सोडलं नाही. पण अण्णांच्या मनातून तो आळस देणारा क्लीनर काही गेला नाही. नंतरच्या एकतीस वर्षांत त्यांच्या पावतीवर संशय घेऊन कितीतरी गाड्या दुसऱ्या काट्यावर फेरतोलाला गेल्या, आणि एकही परत भांडायला आली नाही.

दोन वर्षांपूर्वी ते निवृत्त झाले. काट्यावर कॅमेरा आला, कॉम्प्युटर आला आणि शेठने अण्णांना शाल, श्रीफळ आणि एक भिंतीवरचं घड्याळ दिलं. अण्णांनी आणखी एक गोष्ट मागून घेतली, ती म्हणजे उरलेली पावतीपुस्तकं. आता छापील पावत्या निघणार, तर ही रद्दीतच जाणार होती. तेव्हापासून घरातली किराण्याची यादी, गॅसचा नंबर, नातवाच्या लसीची तारीख, सगळं भुईकाट्याच्या पावतीवर लिहिलं जायचं. सून हर्षाली इंग्रजी शाळेत शिकवते. तिच्या डब्यातसुद्धा एकदा पावती निघाली होती, "वाहन क्रमांक" या ओळीवर लिहिलेलं, "भाजीत मीठ कमी".

सुरुवातीला अण्णांनी घरच्यांच्या नाकी नऊ आणले. गॅसचा सिलेंडर उचलून बघायचे आणि दोनशे ग्रॅम कमी आहे म्हणून पोऱ्याशी हुज्जत घालायचे. मग हळूहळू ते गप्प झाले. ओट्यावर बसून रस्त्यावरून जाणाऱ्या ट्रककडे बघायचे आणि स्वतःशीच पुटपुटायचे, "अकरा टन... नाय, साडेअकरा." जेवण एका भाकरीवर आलं. चंद्रभागाबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, दुसरी भाकरी ताटात टाकायच्या आणि ती तशीच परत उचलायच्या. रोज उचललेली भाकरी त्यांच्या लक्षात राहायची.

आणि मग या घरात चार लाख रुपये आले.

ते आले चंद्रभागाबाईंच्या नावावर. त्यांचं माहेर सिन्नरच्या पुढे. तिथली जमीन नव्या रस्त्यात गेली आणि धाकट्या भावाला, रावजीला, तिचा मोबदला मिळाला. तिन्ही बहिणींनी वीस वर्षांपूर्वीच हक्कसोड लिहून दिली होती, तेव्हा कायद्याने रावजी कुणाचं काही देणं लागत नव्हता. पण आयटीआय शिकताना तो दोन वर्षं म्हसरूळला, त्यांच्या तेव्हाच्या एका खोलीत, बहिणीकडे राहिला होता. मिठाईचा पुडा आणि चेक घेऊन तो आला, म्हणाला, "ताई, हे तुझ्या भाकरीचे," आणि चहा अर्धा टाकून निघून गेला, कारण तिथे बसला असता तर तो रडला असता.

चंद्रभागाबाईंच्या नावावर आयुष्यात पहिल्यांदा पैसे आले होते. त्यांनी बँकेत जाऊन पासबुक छापून आणलं, दोनदा वाचलं आणि देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवलं.

किशोरला, म्हणजे मुलाला, हे कळल्यावर तो अंबडच्या कंपनीतून येताच मोबाइल पुढे करून बसला. "आई, बँकेत काय ठेवतेस? हे बघ. हेमकूट होल्डिंग्ज. आमच्या कँटीनमधे सगळे हेच बोलतायत. अकराशेचा माल चारशे नव्वदला मिळतोय."

"कसला माल?" अण्णांनी ओट्यावरूनच विचारलं. वजनाचा विषय निघाला की त्यांचे कान टवकारायचेच.

"अण्णा, ही कंपनी स्वतः काही बनवत नाही. हिच्याकडे दुसऱ्या कंपन्यांचे शेअर आहेत. सिमेंटचे, रंगाचे, विम्याचे, ट्रॅक्टरच्या सुट्या भागांचे. त्या सगळ्यांची किंमत केली तर हिच्या एका शेअरमागे अकराशे चाळीस रुपये निघतात. आणि बाजारात हिचा शेअर आहे चारशे नव्वद. डोळे झाकून घ्यायचा."

डोळे झाकून हा शब्द अण्णांसमोर उच्चारायला नको होता. ते आत आले, चष्मा लावला, पावतीपुस्तक उघडलं आणि म्हणाले, "बाजार येडा नाय. अर्ध्या भावात कांदा विकायला ठेवला असंल तर गोणी उलटी करून बघावी लागती. चार लाख तुझ्या आईचे हायेत. मी तोलल्याशिवाय एक रुपया हलणार नाय."

चंद्रभागाबाई म्हणाल्या, "मला एक सांगायचं होतं त्या पैशाचं..."

"सांग की. पण आधी तोल होऊ दे," अण्णा म्हणाले, आणि कार्बन सरळ करून लिहायला लागले.

इथून पुढचे वीस दिवस घरात दुसरा विषय नव्हता. कंपनीचा वार्षिक अहवाल मोबाइलवर वाचायला अण्णांनी साफ नकार दिला, म्हणून हर्षालीने शाळेजवळच्या झेरॉक्सवाल्याकडून तो छापून आणला. तीनशे बारा पानं. संध्याकाळी कणीक मळता मळता ती एकेक पान मराठीत सांगायची आणि अण्णा समोर बसून लिहून घ्यायचे. शाळेत चाळीस पोरं सांभाळून आलेली ही पोरगी सासऱ्यावर कधी वैतागली नाही. उलट आपल्या वर्गात असा एक जरी विद्यार्थी असता तर, असं ती आईंना म्हणायची. अण्णा शंका काढण्यात पटाईत. संचालक किती पगार घेतात? कर्ज कुणाचं? ही जी जमीन दाखवलीय ती कुठं आहे, आणि तिच्यावर कुणी झोपडी घातलीय का? शेवटच्या प्रश्नाचं उत्तर अहवालात नव्हतं. अण्णांनी जमीन धरलीच नाही.

आठव्या दिवशी पहिली पावती तयार झाली. भरलेली गाडी: अकराशे चाळीस. वजा कर्ज: साठ. सगळा माल विकायचा म्हटला तर लागेल तो कर, अंदाजे: शंभर. निव्वळ: नऊशे ऐंशी. बाजारभाव: चारशे नव्वद. बरोबर अर्धा. अण्णा त्या अर्ध्याकडे बघत राहिले. तोल बरोबर होता आणि तरीही काही तरी चुकत होतं.

"अहो, ऐकता का," चंद्रभागाबाई मेथी निवडत म्हणाल्या, "मंगलाअक्काचा फोन आला होता मनमाडहून..."

"बरी हाय ना तुझी बहीण?"

"बरी कसली, गुडघ्यानं..."

"डॉक्टरला दाखवा म्हणावं. हर्षाली, ते एकशे चाळिसावं पान काढ गं."

चंद्रभागाबाईंनी मेथीची जुडी संपवली आणि देठं उचलून टाकली. आता इतक्या लांबून दुसऱ्याच्या कंपनीचं कर्ज दिसणाऱ्या माणसाला समोर बसलेल्या बायकोचा चेहरा दिसू नये, याला काय म्हणावं? पण अण्णांचं एरवीही असंच होतं. काट्याच्या खिडकीतून माणूस दिसत नाही, गाडी दिसते.

अर्ध्याचं कोडं सोडवायला ते कॅनडा कॉर्नरला सोमनाथकडे गेले. सोमनाथ शेअरची दलाली करतो; पंचेचाळिशीचा सरळ माणूस, गिऱ्हाइकाला नको असेल तर चहासुद्धा गळ्यात न मारणारा. त्याने अण्णांची पावती दोनदा वाचली.

"काका, हिशेब चोख आहे. पण ही सूट आजची नाही. दहा वर्षांपूर्वीही हा शेअर अर्ध्याच भावात मिळत होता."

"का?"

"कारण कंपनी एका घराण्याच्या हातात आहे. आतले शेअर ते कधी विकणार नाहीत. तुम्ही हेमकूट घेतला म्हणून आतलं सिमेंट किंवा रंग तुमच्या हातात येत नाही. वर्षाला शेअरमागे सहा रुपये येतात, तेवढेच."

अण्णांनी जरा विचार केला. "म्हंजी ही गाडी कधी रिकामीच होत नाय?"

"नाही."

"मग रिकाम्या गाडीचं वजन कुणी केलं?"

सोमनाथने खुर्ची मागे सरकवली आणि हसला. "काका, वीस वर्षांत हे मला कुणी विचारलं नव्हतं. कुणीच केलेलं नाही. म्हणून तर लोक अर्धेच पैसे देतात."

"मग लोक घेतात तरी कशाला?"

"आतला माल वाढतो म्हणून. दहा वर्षांत आतला माल तिप्पट झाला, तसा हिचा भावही तिप्पट झाला. अर्धा तेव्हाही, अर्धा आताही. फरक मिटेल या आशेवर घ्याल तर फसाल. माल वाढेल म्हणून घेतलात आणि विसरून गेलात, तर बरं होईल. मात्र मधे एकदा भाव चाळीस टक्के खाली आला होता आणि तीन वर्षं वर आलाच नाही. ज्याला पैशाची घाई आहे त्याने याच्या वाटेला जाऊ नये."

अण्णांनी नवी पावती काढली, "घाई असेल त्याने घेऊ नये" असं लिहिलं आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. घरी आल्यावर ती पावती त्यांनी अहवालात खूण म्हणून घातली आणि पुढे विसरले.

कारण आता त्यांना माल डोळ्यांनी बघायचा होता. हेमकूटच्या हाती असलेल्या कंपन्यांपैकी एक, ट्रॅक्टरचे सुटे भाग ओतणारी, सिन्नरजवळ मुसळगाव एमआयडीसीत निघाली. एका गुरुवारी सकाळी भाकरी बांधून घेऊन अण्णा द्वारका चौकातून सिन्नरच्या बसमध्ये बसले आणि साडेनऊला कारखान्याच्या फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर ठाण मांडून बसले. त्यांना आत कुणी सोडलं नसतं, आणि त्यांना आत जायचंही नव्हतं. बाहेर पडणारा ट्रक त्यांना पुरेसा होता.

ट्रकच्या चाकांवर लोखंडी पाटे असतात. माल भरला की ते दबतात. किती दबले यावरून माल किती, हे अण्णा चौतीस वर्षांच्या सवयीने शंभर-दीडशे किलोंच्या फरकाने सांगायचे. अहवालात काहीही छापता येतं, पण पाट्यांना खोटं बोलता येत नाही. संध्याकाळी पाचपर्यंत सत्तावीस ट्रक बाहेर पडले. चोवीस भरलेले, तीन अर्धे. आत जाणारे ट्रक कच्च्या लोखंडाने दबलेले. टायर नवे. ड्रायव्हर चहा प्यायला थांबले की अण्णा सहज विचारायचे, भाडं वेळेवर मिळतं का? मिळतं. किती दिवसांनी? पंधरा. एक ड्रायव्हर निघाला चांदवडचा, त्याने अण्णांना ओळखलं. "अण्णा तुम्ही? मला एकदा मे महिन्यात अनवाणी खाली उतरवलं होतं हो तुम्ही, चपला केबिनमधेच राहिल्या होत्या." दोघंही पोट धरून हसले आणि चहाचे पैसे त्याने दिले.

अण्णा घरी आले ते वीस वर्षांनी तरुण होऊन. हातपाय धुतले, ताटावर बसले, आणि चोवीस ट्रकची गोष्ट सांगता सांगता अडीच भाकऱ्या खाल्ल्या. चंद्रभागाबाई वाढत होत्या. तिसरी भाकरी तव्यावरून थेट ताटात आली तेव्हा त्यांच्या हाताला चटका बसला, पण त्यांनी तो कळू दिला नाही.

शनिवारी सकाळी अण्णांनी निकाल दिला. किशोर पहिल्या पाळीला गेला होता. हर्षाली ओट्यावर वह्या तपासत होती आणि चंद्रभागाबाई सुपात तांदूळ घेऊन बसल्या होत्या. अण्णा समोर येऊन उभे राहिले, काट्यावर पावती फाडून देताना उभे राहायचे तसे.

"माल खरा हाय. तोलात खोट नाय. गाडी रिकामी होणार नाय, पण माल वाढतोय. घ्यायला हरकत नाय."

"किती?" चंद्रभागाबाईंनी विचारलं.

"समदे. चार लाखांचे. सोमनाथकडं खातं तुझ्या नावानं हर्षालीनं मोबाइलवर उघडलंच हाय."

चंद्रभागाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "भरलेली गाडी तोलली का?"

"तोलली."

"समदे खाली उतरवले?"

अण्णांना हा प्रश्न फार आवडला. बायकोने चौतीस वर्षांत त्यांचा नियम पाठ केला होता तर. "उतरवले. किशोरची घाई उतरवली. सोमनाथची दलाली उतरवली. कँटीनमधली बडबड उतरवली."

"अन् तुम्ही?"

"मी काय?"

"तुम्ही वरच बसलाय की." चंद्रभागाबाईंचा आवाज नेहमीसारखाच होता, तांदळातला खडा काढून ठेवावा तसा. "चौतीस वर्षं दुसऱ्याचा माल तोलला तुम्ही. एकदा तरी आपली गाडी काट्यावर चढावी असं तुम्हाला वाटलं. वाटणारच. मला त्याचा राग नाय. पण आधी खाली उतरा, मग वजन सांगा."

चंद्रभागाबाईंनी पदराच्या टोकाला खोचलेला एक कागद काढून त्यांच्यापुढे धरला. अहवाल आवरताना त्यांना सापडलेली पावती होती ती. अण्णांच्याच अक्षरातली, दोन रेघा ओढलेली.

"घाई असंल त्यानं घेऊ नये. तुम्हीच लिवलंय. आज वीस दिवस झाले. समद्या जगाला विचारून आला, सिन्नरच्या ट्रकवाल्यालासुद्धा विचारलं. मला विचारलं का, मला घाई हाय का नाय?"

अण्णांना एकदम दिंडोरी रोडवरची ती जुनी दुपार आठवली. रस्त्याला लागलेली गाडी, हलणारी ताडपत्री. या खेपेला ताडपत्रीखालून उठून बसलेला माणूस ते स्वतः होते. ते खाली पायरीवर बसले. आपण लाजलो आहोत हे त्यांना कळत होतं, आणि सुनेसमोर लाजलो आहोत हेही. हर्षालीने वहीतून मान वर केली नाही. ती एकाच गणितावर दोनदा बरोबरची खूण करत होती.

"तुला घाई हाय?" त्यांनी विचारलं.

"हाय. मंगलाअक्का एकाहत्तरची झाली. तिला धड चालता येत नाय. धाकट्या आशाचं घर गळतंय, ती सांगत नाय एवढंच. आमच्या तिघींची हक्कसोड एकाच दिवशी झाली. एकेक लुगडं मिळालं, अन् आम्ही सह्या-अंगठे देऊन आलो. रावजी मला पैसे देऊन गेला, का तर तो माझ्याकडं दोन वर्षं जेवला. पण आई गेली तेव्हा त्याला कडेवर कुणी वाढवला? अक्कानं. मला दोघींना एकेक लाख द्यायचेत. पहिल्या दिवसापासून सांगायचं होतं. जीभ रेटत नव्हती, तुम्ही नाय म्हणाल म्हणून."

"मी कशाला नाय म्हणलो असतो?"

अण्णांनी मनाशी तोल केला, आणि तो प्रामाणिक निघाला. वीस दिवसांपूर्वी ते नाही म्हणाले असते. तोंडाने कदाचित नाही, पण असं काही करून ठेवलं असतं की बाईंनीच विषय सोडून दिला असता.

"चूक झाली माझी," ते म्हणाले. चाळीस वर्षांच्या संसारात हे वाक्य त्यांनी बायकोला पहिल्यांदा म्हटलं, आणि ते वाटतं तितकं जड नव्हतं. "दोन लाख त्यांना दे. उरलेले बँकेत ठेव. हेमकूट राहू दे."

"राहू दे कशाला? दीड लाख बँकेत ठेवते. पन्नास हजारांची ती तुमची गाडी घ्या."

"नको. खाली आली तर?"

"यील नि जाईल. मला त्या पन्नासाची घाई नाय, म्हंजी मला चालतंय, तुमच्याच पावतीनुसार." चंद्रभागाबाईंनी सूप पुन्हा मांडीवर घेतलं आणि तांदळात बघत पुढचं बोलल्या. "परवा सिन्नरहून आला तेव्हा अडीच भाकऱ्या खाल्ल्या तुम्ही. दोन वर्षांत पहिल्यांदा. मी मोजते रोज. तुम्हाला तोलायला एक गाडी दारात उभी राहिली, तर पन्नास हजार काय जास्त नायत."

हर्षाली वह्या तशाच टाकून चहाचं आधण ठेवायला आत गेली, आणि बराच वेळ आतच राहिली.

पुढच्या रविवारी दोघं मनमाडला गेले. मंगलाअक्कांनी पैसे हातात घेतले नाहीत, म्हणाल्या, "रावजीनं दिले तुला, मला कशाला?" तेव्हा अण्णाच पुढे झाले आणि म्हणाले, "अक्का, तोल चुकला होता. फेरतोल केला, तुमचे निघाले." अक्कांना त्यातलं काय समजलं कुणास ठाऊक, पण त्यांनी पैसे घेतले आणि अण्णांच्या ताटात हट्टाने तुपाची धार धरली. येवल्याला आशाकडे जाताना चंद्रभागाबाई बसच्या खिडकीशी बसून गुणगुणत होत्या. अण्णांनी त्यांना कधी गुणगुणताना ऐकलं नव्हतं, किंवा त्यांनी कधी लक्ष दिलं नव्हतं.

मंगळवारी सोमनाथने हेमकूटचे शेअर घेतले. त्या दिवशी भाव होता चारशे सत्त्याऐंशी, आले एकशे दोन शेअर. संध्याकाळी हर्षालीने मोबाइलवर आलेला संदेश वाचून दाखवला. अण्णांनी पावतीपुस्तक काढलं, कार्बन घातला, आणि नवी पावती लिहायला घेतली. वाहन: हेमकूट. माल: एकशे दोन. मग ते मालकाच्या ओळीवर आले. त्या ओळीवर त्यांनी चौतीस वर्षं हजारो नावं लिहिली होती. कळवणची, दिंडोरीची, चांदवडची, घाईघाईत, अर्धी-मुर्धी, कुणाचं फक्त आडनाव. या खेपेला त्यांनी पेन झटकलं आणि एकेक अक्षर सुटं, ठळक लिहिलं: चंद्रभागा धोंडीराम गांगुर्डे.

मग अगदी खालच्या बारीक ओळीवर "चालकाविना"ला खूण केली, पावती फाडली आणि उठून स्वयंपाकघरात नेऊन दिली. चंद्रभागाबाईंनी पिठाचे हात पुसले, आपलं नाव वाचलं, खालची खूण बघितली आणि पावती पासबुकात ठेवून आल्या. "बसा," त्या म्हणाल्या, "भाकरी गरम हाय."